भोवळीचे अधिष्ठान : मेंदूकडून कानाकडे

भोवळ ही मनुष्याला फार पूर्वीपासून परिचित असलेली व्यथा होय. परंतु तिचे उगमस्थान शरीरात नेमके कोठे आहे, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर वैद्यकाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सापडले नव्हते. मराठी बोलीत ह्या व्यथेसाठी अनेक शब्द आहेत. ‘डोळ्यांपुढे अंधारी येणे’, ‘घेरी येणे’, ‘चक्कर येणे’, ‘भोवळ येणे’ हे शब्दप्रयोग व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात. वैद्याच्या दृष्टीने मात्र त्यांतील भेद निर्णायक असतो. एकाएकी उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बहुधा मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर उणावल्यामुळे. घर, भिंती आणि आढे आपल्याभोवती फिरू लागल्याचा भास होतो, त्याचे कारण निराळे असते. हा भेद ध्यानात न आल्यामुळे शतकानुशतके असंख्य रुग्णांवर ज्या अवयवाचा दोष नाही त्या अवयवाचे उपचार झाले. भोवळीचे अधिष्ठान मेंदूकडून कानाकडे कसे आले, आणि ह्या स्थलांतरात कोणत्या चुका व कोणती निरीक्षणे कारणीभूत झाली, ह्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. पूर्वपीठिका

भोवळीचा संबंध शुद्धीशी व मस्तकाशी जोडण्याची प्रवृत्ती कोणत्याही एका देशापुरती मर्यादित नव्हती. माधवनिदानात ‘भ्रम’ ह्या विकाराचा विचार मूर्च्छा, निद्रा, तंद्रा व संन्यास ह्यांच्यासह एकाच अध्यायात केलेला आहे. युरोपातील वैद्यांचीही धारणा ह्याहून फार भिन्न नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये असा सिद्धान्त रूढ होता की, एकाएकी भोवळ येऊन, ओकाऱ्या होऊन मनुष्य जमिनीवर कोसळतो, तो मेंदूत रक्त दाटल्यामुळे. ह्या अवस्थेला मस्तिष्काघाताचीच एक सौम्य जात मानण्यात येई. निदानाला अनुसरून उपचारही ठरलेले होते : शीर कापून रक्त काढावे, जळवा लावाव्या, तुंबड्या लावाव्या, तीव्र रेचके द्यावी आणि रोग्याला लंघन घडवावे. आधीच ओकाऱ्यांनी क्षीण झालेल्या रोग्याला ह्या उपचारांनी अधिकच दुर्बलता येई. शिवाय आपल्याला अर्धांगवायूचा झटका येणार, ही धास्ती त्याच्या मनात कायमची घर करून राही.

कानाच्या अंतर्भागातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीररचनाशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ज्ञात होत्या. त्या परस्परांशी काटकोनात असतात, हेही सर्वांना माहीत होते. परंतु कान म्हणजे श्रवणेंद्रिय, अशी दृढ समजूत असल्यामुळे ध्वनी कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यासाठी ह्या नलिका असाव्यात, असा तर्क केला जाई. ह्या समजुतीला पहिला धक्का पॅरिसचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ पिएर फ्लुराँ ह्याने दिला. १८२० नंतरच्या दशकात त्याने कबुतरांच्या ह्या नलिका एकेक करून छेदल्या. आडवी नलिका छेदली असता पक्ष्याचे डोके डावी-उजवीकडे झुलू लागे; उभी नलिका छेदली असता ते खाली-वर हले. म्हणजे ज्या प्रतलात इजा, त्याच प्रतलात हालचाल. विशेष हे की, पक्ष्यांची श्रवणशक्ती टिकून राहिली. फ्लुराँने एवढे अपूर्व निरीक्षण करूनही त्या नलिकांना संतुलनाचे इंद्रिय म्हटले नाही, आणि माणसाच्या भोवळीशी त्यांचा संबंधही जोडला नाही. प्रयोगशाळेतील कबुतर आणि रुग्णालयातील रोगी ह्यांच्यामध्ये सुमारे तीन दशकांचे अंतर राहिले.

२. मेनिएर आणि १८६१ चा निबंध

हे अंतर ज्याने मिटविले तो प्रॉस्पेर मेनिएर १७९९ मध्ये आँझे येथे जन्मला. १८३८ मध्ये झाँ इतारच्या निधनानंतर त्याची पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत वैद्य म्हणून नेमणूक झाली. आव्हेराँच्या अरण्यात सापडलेल्या मुलाला शिक्षण देण्याचा प्रयत्न करणारा इतार तो हाच. कर्णरोगांना त्या काळी वैद्यकात प्रतिष्ठेचे स्थान नव्हते; परंतु ह्या नेमणुकीमुळे मेनिएरला एक असामान्य संधी मिळाली. कानाच्या तक्रारी घेऊन येणारे रोगी त्याला एकदाच नव्हे, तर वर्षानुवर्षे पाहावयास मिळाले. त्यांतील काहींना भोवळीचे तीव्र झटके येत. भोवळीबरोबर कानात नाद होत असे, ऐकू येणे कमी होई. झटका ओसरल्यावर रोगी पुन्हा हिंडू-फिरू लागे. मात्र दर झटक्यागणिक त्याचे श्रवण थोडेथोडे खालावत जाई. मस्तिष्काघाताचे भाकीत ज्यांच्याविषयी केले गेले होते ते रोगी अर्धांगवायूने पंगू होत नव्हते. ते बहिरे होत होते. हे ज्याला दिसले तो साहजिकच मेंदूऐवजी कानाचा विचार करू लागला.

८ जानेवारी १८६१ रोजी मेनिएरने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आपला निबंध वाचला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे होते : पूर्वी निर्दोष असलेले श्रवणयंत्र एकाएकी बिघडून भोवळ, ओकारी, चालताना तोल जाणे व कर्णनाद ही लक्षणे उत्पन्न होऊ शकतात, आणि ह्या बिघाडाचे स्थान अंतर्कर्णात, बहुधा अर्धवर्तुळाकार नलिकांत असते. फ्लुराँच्या प्रयोगांचा त्याने आधार घेतला. त्याने एका तरुण मुलीचा वृत्तान्तही दिला. हिवाळ्यातील रात्री उघड्या गाडीतून प्रवास केल्यानंतर ती एकाएकी पूर्ण बहिरी झाली, तिला सतत भोवळ येऊ लागली आणि पाचव्या दिवशी तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदू व पृष्ठरज्जू निर्दोष आढळले. अंतर्कर्णात मात्र तांबूस स्राव भरलेला होता.

ह्या मुलीच्या वृत्तान्तामुळे पुढे बराच गैरसमज पसरला. तिचा रोग म्हणजेच मेनिएरचा रोग, असे समजून कित्येकांनी ह्या विकाराचे कारण अंतर्कर्णातील रक्तस्राव हेच धरले. वस्तुतः मेनिएरचे बाकीचे रोगी अशा रीतीने मृत्यू पावत नव्हते. केवळ कान बिघडला व मेंदू शाबूत राहिला तरी भोवळ येऊ शकते, एवढेच सिद्ध करण्यासाठी त्याने तो दाखला दिला होता. पुरावा आणि उदाहरण ह्यांतील भेद वाचकांनी विसरल्यास काय होते, ह्याचा हा बोलका नमुना आहे.

अकादमीत निबंधाचे फारसे स्वागत झाले नाही. तथापि त्याच महिन्यात आर्मां त्रूसो ह्या मान्यवर वैद्याने ‘मेंदूत रक्त दाटणे’ ह्या निदानावरच टीका केली. ह्या नावाखाली मोडणारे पुष्कळसे रोगी प्रत्यक्षात अपस्माराचे असतात, असे त्याचे मत होते. मेनिएरला आपल्या मताचा विजय पाहावयास मिळाला नाही. फेब्रुवारी १८६२ मध्ये, म्हणजे अवघ्या तेरा महिन्यांनी, तो निधन पावला. त्याच पॅरिसमध्ये आणि त्याच १८६१ साली पोल ब्रोका ह्याने वाचा गमावलेल्या एका रोग्याचा मेंदू मानवशास्त्र सभेपुढे ठेवून वाणीचा संबंध मेंदूच्या पुढील भागातील एका विवक्षित जागेशी जोडला. एकाच वर्षी वाणीचे स्थान मेंदूत निश्चित होऊ लागले आणि भोवळीचे स्थान मेंदूबाहेर गेले. दोन्ही ठिकाणी पद्धत एकच होती : जिवंतपणी लक्षणांची काटेकोर नोंद, आणि मृत्यूनंतर अवयवाची तपासणी.

मेनिएरचे मत रूढ झाले तरी उपचाराचा प्रश्न सुटला नाही. त्यानंतरच्या पिढीत शार्को ह्याने अशा रोग्यांना क्विनीन मोठ्या मात्रेत देऊन पाहिले. क्विनीनमुळे कानाला अपाय होतो, हे ठाऊक असूनच तो ते देत असे. रोगट इंद्रिय निकामी झाले तर भोवळही थांबेल, असा त्यामागील विचार होता.

३. इंद्रियाची ओळख

१८७० मध्ये फ्रीड्रिख गोल्ट्स ह्याने अर्धवर्तुळाकार नलिका ह्या संतुलनाचे इंद्रिय आहेत, असे स्पष्ट मांडले. त्यानंतर १८७३ ते १८७५ ह्या काळात एर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर व अलेक्झांडर क्रम ब्राउन हे तिघे परस्परांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच सिद्धान्तापर्यंत पोहोचले. माख हा भौतिकीवेत्ता, ब्रॉयर हा व्हिएन्नातील व्यवसायी वैद्य, तर क्रम ब्राउन हा एडिंबरोचा रसायनशास्त्रज्ञ होता. पाण्याने भरलेला तांब्या हातात झटकन फिरविला तर तांब्या फिरतो, परंतु आतील पाणी क्षणभर जागच्या जागी राहते. डोके वळते तेव्हा नलिकेतील द्रवाचेही असेच होते. मागे राहिलेला द्रव नलिकेच्या फुगीर भागातील संवेदनशील पडद्याला वाकवितो आणि त्यामुळे डोके वळल्याची वार्ता मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते. नलिका तीन असल्यामुळे अवकाशाच्या तिन्ही दिशांची नोंद होते.

ह्या सिद्धान्ताची मानवी कसोटी पुन्हा बधिरांच्या शाळांतच लागली. १८८२ मध्ये विल्यम जेम्स ह्याने असा विचार केला की, गरगर फिरविल्यावर येणारी भोवळ अंतर्कर्णातून उत्पन्न होत असेल, तर ज्यांचा अंतर्कर्ण नष्ट झाला आहे अशांना ती येता कामा नये. त्याने जमविलेल्या माहितीत ५१९ मूकबधिरांपैकी १८६ जणांना मुळीच भोवळ आली नाही, १३४ जणांना किंचित आली आणि १९९ जणांना नेहमीसारखी आली. उलट हार्वर्डच्या सुमारे २०० विद्यार्थी व अध्यापकांत केवळ एकाला भोवळ आली नाही. अंतर्कर्ण हे दुहेरी इंद्रिय आहे. त्यातील श्रवण व संतुलन ही दोन कार्ये कित्येकदा बरोबरच नष्ट होतात, परंतु नेहमीच होतात असे नाही, हे ह्या आकड्यांवरून उघड झाले.

४. बारानीचा बंब

सिद्धान्त हाती आला. परंतु समोर बसलेल्या रोग्याचा कोणता कान बिघडला आहे हे ओळखण्याचे साधन अद्याप नव्हते. ते साधन रॉबर्ट बारानी ह्याला सापडले. १८७६ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला बारानी १९०३ पासून आडाम पोलित्झरच्या कर्णरोग चिकित्सालयात काम करू लागला. तेथे रोग्यांचे कान पिचकारीने धुण्याचे काम नित्याचे होते आणि पुष्कळांना त्या वेळी भोवळ येई. बारानीने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले असता बुबुळे एका दिशेला हळू सरकून दुसऱ्या दिशेला झटक्याने परत येताना दिसली. ह्या लयबद्ध हेलकाव्यांनाच नेत्रदोल म्हणतात. एका रोग्याने सांगितले की, पाणी पुरेसे ऊन नसले म्हणजेच आपल्याला भोवळ येते. बारानीने अधिक ऊन पाणी वापरून पाहिले तेव्हा भोवळ आलीच. पण नेत्रदोलाची दिशा उलटली.

ह्याचे कारण शोधताना न्हाणीघरातील बंबाची आठवण उपयोगी पडली, असे बारानीने ११ सप्टेंबर १९१६ रोजी दिलेल्या नोबेल व्याख्यानात सांगितले. बंबात तापलेले पाणी हलके होऊन वर येते व थंड पाणी तळाशी राहते. नलिकेची एक बाजू पाण्याने तापली अथवा निवली की आतील द्रवात असाच प्रवाह सुरू होतो, आणि डोके स्थिर असूनही मेंदूला ते फिरत असल्याचा निरोप मिळतो. अंतर्कर्णाचे इंद्रिय मृत असेल तर पाणी गार असो वा ऊन, बुबुळे हलत नाहीत. प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासण्याची सोय अशा रीतीने प्रथमच झाली. १९४२ मध्ये फिट्झजेराल्ड व हॉलपाइक ह्यांनी ३० व ४४ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराच्या तपमानाहून सात अंश कमी व सात अंश अधिक, अशी दोन तपमाने ठरवून ह्या परीक्षेला प्रमाणबद्ध रूप दिले.

बारानीला १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्या वेळी तो ऑस्ट्रियन सैन्यातील वैद्य म्हणून रशियाच्या कैदेत, मध्य आशियातील मेर्व्ह येथे होता. स्वीडनच्या राजकुमार कार्लच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्याची सुटका झाली. व्हिएन्नात परतल्यावर सहकाऱ्यांच्या श्रेयाचा उचित उल्लेख केला नाही, असा आरोप त्याला सोसावा लागला. पुढे तो स्वीडनमधील उप्साला येथे गेला व १९३६ मध्ये तेथेच निवर्तला.

त्याच्या उपपत्तीचा पुढील इतिहासही लक्षणीय आहे. भारहीन अवस्थेत तापलेला द्रव वर चढू शकत नाही. मग बंबाचे तत्त्व तेथे लागू पडू नये. परंतु १९८३ च्या अखेरीस स्पेसलॅब-१ ह्या अंतराळ प्रयोगशाळेत अंतराळवीरांवर ही परीक्षा केली असता नेत्रदोल दिसून आलाच. म्हणजे उष्णतेचा काही परिणाम प्रवाहाखेरीज अन्य मार्गानेही होत असला पाहिजे. परीक्षा खरी ठरली. तिची उपपत्ती मात्र अपुरी ठरली.

५. दोन शोध, एक अनिष्ट प्रयोग

मेनिएरने वर्णिलेल्या रोगात अंतर्कर्णात नेमके काय घडते, हे समजण्यास १९३८ साल उजाडावे लागले. अंतर्कर्ण ज्या अस्थीत दडलेला आहे ती शरीरातील सर्वांत कठीण अस्थींपैकी एक असून ती मऊ करून तिचे सूक्ष्म छेद घेण्यास कित्येक महिने लागतात. त्या वर्षी लंडनमध्ये हॉलपाइक व केर्न्स ह्यांनी, आणि स्वतंत्रपणे ओसाका येथे यामाकावा ह्याने, अशा रोग्यांच्या अंतर्कर्णातील अंतर्लसीकेचे पोकळ भाग द्रवाने फुगलेले असल्याचे दाखविले. जिवंत रोग्यात ही फुगवट प्रतिमेद्वारा दाखविण्यात २००७ मध्ये जपानमधील संशोधकांना यश आले. परंतु भोवळ कधीही न आलेल्या काही व्यक्तींच्या कानांतही ती आढळते. त्यामुळे तिला रोगाचे कारण म्हणावे की केवळ खूण, हा वाद संपलेला नाही.

ह्याच काळात एक कटू धडाही मिळाला. १९४४ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोग्यांना जीवदान दिले. पण थोड्याच दिवसांत असे दिसून आले की, त्यामुळे काहींचे संतुलनाचे इंद्रिय दोन्ही बाजूंनी नष्ट होते. अशा आपत्तीत सापडलेल्या एका अमेरिकन वैद्याने १९५२ मध्ये आपला अनुभव लिहून ठेवला आहे. अंथरुणात वाचताना नाडीच्या ठोक्यागणिक पुस्तकातील अक्षरे उडत. डोके पलंगाच्या दांड्यांत टेकवून स्थिर केल्यावाचून त्याला वाचता येत नसे. ज्या इंद्रियाचे अस्तित्व निरोगी मनुष्याला जाणवतही नाही, ते चालण्याला व पाहण्याला क्षणोक्षणी किती आधार देते, हे ह्या वृत्तान्ताने वैद्यांना शिकविले. शार्कोच्या जुन्या विचाराला अनुसरून, असह्य भोवळ असलेल्या रोग्यांना हेच औषध हेतुपुरस्सर देण्याचे प्रयोगही त्या काळात झाले.

६. कूस बदलताना येणारी भोवळ

भोवळीच्या सर्व प्रकारांत अत्यंत सामान्य असा एक प्रकार आहे. अंथरुणात कूस बदलली, मान मागे टाकून फळीवरील डबा काढला, की काही सेकंद सारे जग फिरते आणि मग थांबते. बारानीने १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. १९५२ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयातील मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक ह्यांनी त्याची परीक्षा निश्चित केली. रोग्याची मान एका बाजूला वळवून त्याला झटकन उताणे निजवावे व डोके टेबलाच्या कडेखाली झुकवावे. दोष त्या बाजूच्या कानात असल्यास काही क्षणांच्या विलंबाने बुबुळे गोलाकार फिरू लागतात आणि लवकरच थांबतात. परीक्षा अचूक होती. पण तिच्या कर्त्यांनी दोषाचे स्थान अंतर्कर्णातील दुसऱ्या अवयवात मानले.

१९६९ मध्ये हॅरल्ड शुक्नेख्ट ह्याने मृत रोग्यांच्या कानांच्या छेदांवरून दोष पश्च नलिकेत असल्याचे प्रतिपादिले. तेथील संवेदनशील पडद्याला सूक्ष्म कण चिकटून तो जड होतो, असे त्याचे मत होते. १९७९ मध्ये हॉल, रुबी व मॅक्लूर ह्यांनी त्यात सुधारणा सुचविली : कण चिकटलेले नसून द्रवात मोकळे फिरत असावेत. हे कण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक. अंतर्कर्णातील ज्या पिशवीत ते मूळचे असतात तेथून सुटून ते नलिकेत उतरतात. कण मोकळे असतील, तर डोके योग्य क्रमाने फिरवून त्यांना परत पिशवीत का नेता येऊ नये? अमेरिकेतील पोर्टलंडच्या जॉन एप्ली ह्याने हाच विचार प्रत्यक्षात आणला. १९८० मध्ये त्याने ही रीत सहव्यवसायिकांना दाखविली. तिचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध होण्यास १९९२ साल उजाडले. त्याच वर्षी पार्न्स व मॅक्लूर ह्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत रोग्याच्या नलिकेत मोकळे कण प्रत्यक्ष पाहिल्याचे नमूद केले.

औषध नाही, शस्त्र नाही, काही मिनिटांत रोग्याला उतार पडतो, हा दावा अनेक वैद्यांना प्रथम अविश्वसनीय वाटला, ह्यात नवल नाही. पुढे नियंत्रित चाचण्यांतून त्याची सत्यता पटली. मात्र डिक्स-हॉलपाइक परीक्षेपासून एप्लीच्या लेखापर्यंत चाळीस वर्षे गेली. त्या चाळीस वर्षांत ह्या व्यथेच्या असंख्य रोग्यांचे निदान अचूक होत होते. पण निजताना उशा उंच घ्या, मान जपून वळवा, ह्यापलीकडे त्यांना सांगण्यासारखे वैद्यांजवळ थोडेच होते.

७. प्रश्नाची दुसरी बाजू

मेनिएरच्या निबंधाने भोवळ मेंदूकडून कानाकडे आणली, हे खरे. परंतु प्रत्येक भोवळ कानाचीच असते, असा त्याचा अर्थ नव्हे. लहान मेंदूच्या किंवा मस्तिष्कस्तंभाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला तरीही तासन्तास टिकणारी भोवळ व ओकारी हीच लक्षणे दिसू शकतात. अशा रोग्याला ‘कानाचा दोष आहे, बरे वाटेल’ असे सांगून घरी पाठविणे घातक ठरते. १८६१ पूर्वी कानाच्या रोग्याला मेंदूचा रोगी ठरविण्यात येई. विसाव्या शतकात उलट चुकीचा धोका निर्माण झाला.

हा गुंता सोडविण्याचे साधन पुन्हा डोळ्यांतच सापडले. १९८८ मध्ये हालमागी व कर्थॉइस ह्यांनी दाखविले की, रोग्याला एका बिंदूकडे पाहावयास सांगून त्याचे डोके झटकन किंचित वळविले, तर कानाच्या दोषात नजर बिंदूवरून ढळते व मागाहून परत येते. भोवळ अखंड चालू असूनही नजर ढळली नाही, तर दोष कानात नसून मेंदूत असण्याचा संशय घ्यावयास हवा. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ह्या परीक्षेला दुसऱ्या दोहोंची जोड दिली : नेत्रदोलाची दिशा नजरेबरोबर बदलते काय, आणि दोन्ही डोळे एका पातळीवर राहतात काय. प्रशिक्षित वैद्याने खाटेपाशी केलेली ही त्रिविध तपासणी पहिल्या काही तासांतील चुंबकीय प्रतिमेपेक्षाही मस्तिष्काघात अधिक खात्रीने ओळखते, असे त्यांनी दाखविले.

ह्या इतिहासाकडे समग्रतेने पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. ह्यातील महत्त्वाच्या पायऱ्या रोग्याच्या सांगण्याकडे व त्याच्या डोळ्यांकडे लक्ष दिल्यामुळे साध्य झाल्या. मेनिएरने रोगी बहिरे होत असल्याचे ऐकून घेतले, बारानीने पाणी ऊन नसल्याची तक्रार मनावर घेतली, आणि एप्लीने कूस बदलण्याच्या हकीकतीतून उपचाराचा क्रम रचला. उपपत्ती मात्र पुनःपुन्हा बदलत गेल्या, आणि काही अद्याप बदलत आहेत. भोवळीचा रोगी समोर आला असता वैद्याने विचारावयाचा पहिला प्रश्न त्यामुळे अजूनही तोच राहिला आहे : डोळ्यांपुढे अंधारी येते, की घर फिरते? आणि घर फिरत असेल तर ते केव्हा फिरू लागते, किती वेळ फिरते, आणि त्या वेळी कानात काय होते?